एआयने लिहिलेला कोड मर्ज करण्याआधी तुम्ही नेमकं काय तपासता?

नमस्कार मंडळी,

अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत काम करतो. हाउसिंग सोसायट्यांसाठी वेब अ‍ॅप बनवतो: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, पार्किंग, भाडेकरूंची कागदपत्रं. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस डेटाबेस. टीममधली पोरं हल्ली बराचसा कोड एआयकडून लिहून घेतात आणि रिव्ह्यू माझ्या गळ्यात.

परवा पावती डाउनलोडचा कोड आला. दिसायला एकदम नीटनेटका, लॉगिनची अटही घातलेली. पण यूआरएलमधला नंबर घेऊन सरळ रेकॉर्ड उचललंय. पावती त्याच सभासदाच्या फ्लॅटची आहे का, हे कुठेच बघितलेलं नाही. १०४१ च्या जागी १०४२ टाका, शेजाऱ्याची पावती हजर! टेस्टही एआयनेच लिहिलेल्या, सगळ्या पास. का, तर प्रत्येक टेस्टमध्ये सभासद स्वतःचीच पावती मागतो. दुसऱ्याची मागून ४०४ (‘सापडलं नाही’ची एरर) येतो का, हे बघणारी एकही नाही. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, म्हणजे परवानगी नसलेल्याला डेटा मिळणं, पहिल्या नंबरावर आहे ते उगाच नाही. इंजेक्शनची (इनपुटमधून डेटाबेसच्या क्वेरीत घातक कोड घुसवण्याची) मला तेवढी धास्ती वाटत नाही, ओआरएममुळे (क्वेरी आपल्यासाठी तयार करणारा जँगोचा भाग) बरंचसं भागतं. स्ट्रिंग जोडून हाताने लिहिलेली रॉ क्वेरी दिसली की परत पाठवतो.

दुसरी डोकेदुखी पॅकेजेसची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडची. एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेलं नाव बिनधास्त सुचवतं. उद्या त्याच नावाने कोणी पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) मालवेअर चढवलं तर पिप इन्स्टॉल ही कमांड मुकाट्याने उतरवून घेणार. सध्या नवीन पॅकेज मला विचारल्याशिवाय घालायचं नाही असं सांगून ठेवलंय, पण हे किती दिवस चालणार?

बँडिट हे पायथन कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधणारं टूल लावलंय. हार्डकोड केलेले पासवर्ड वगैरे पकडतं, पावतीसारखी चूक त्याच्या आवाक्यातली नाही. ‘प्रत्येक क्वेरी सभासदाच्या फ्लॅटवर फिल्टर कर’ असं एआय असिस्टंटच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं तर तो ते शेवटपर्यंत पाळतो का? की फिल्टर बेस क्लासमध्येच (बाकीचा कोड ज्यावर उभा राहतो त्या मूळ क्लासमध्ये) बसवून टाकलेला बरा? माझा कल दुसऱ्याकडे आहे.

साहेबांना गणपतीच्या आधी रिलीज हवंय. डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे म्हटलं तर हसले, ‘आपल्याला कोण विचारतंय’ म्हणे.

फिल्टर नसलेली क्वेरी पकडणारा सेमग्रेपचा (आपण लिहिलेल्या नियमांनी कोड तपासणारं टूल) नियम कोणी लिहिला असेल तर कृपया इथे टाका.