प्रतिसाद: मे २०२२ ची व्याजदरवाढ उशिराच झाली

'महागाई आकड्यांत दिसल्याशिवाय रिझर्व्ह बँकेने व्याजदराला हात लावू नये' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) आज वाढवला तर मागणीवर त्याचा पूर्ण परिणाम व्हायला काही तिमाह्या जातात. म्हणजे आकडा दिसेपर्यंत थांबणं हे आग लागल्यावर विहीर खणणंच झालं.

२०२२ आठवा. रेपो दर मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता. ४ मे २०२२ ला नियोजित बैठकीची वाट न पाहता तो ४.४० केला. एप्रिलची किरकोळ महागाई ७.७९ टक्के निघाली, रिझर्व्ह बँकेने पाळायची वरची मर्यादा ६ ची! मग फेब्रुवारी २०२३ पर्यंत दर ६.५० वर. आम्ही सिंहगड रोडला फ्लॅट घेतला होता, फ्लोटिंग दराच्या, म्हणजे व्याज वर-खाली होणाऱ्या कर्जावर. हप्ता तोच राहिला, मुदत मात्र काही वर्षांनी लांबली. आधीपासून थोडं थोडं वाढवलं असतं तर हिशेब तरी मांडता आला असता.

अर्थात, घाई अंगाशी येतेच. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०११ मध्ये एप्रिल आणि जुलैत दर वाढवले, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात ते परत खाली आणावे लागले. त्यामुळे मार्केटयार्डात कांदा कडाडला म्हणून दर वाढवा, असं मी म्हणणार नाही. व्याजाने कांदा पिकत नाही. पण भाडं, शाळेची फी, रिक्षा, खानावळ सगळंच एकदम चढायला लागलं, आणि लोक पुढच्या वर्षीची वाढ गृहीत धरून पगार मागू लागले, की तिथे थांबून चालत नाही.