मदत हवी आहे: १९९८ च्या झेनच्या गिअरबॉक्समध्ये जीएल-४ ऑइल घालू की जीएल-५?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती झेन, १९९८ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, पाच गिअर. मीटरवर १ लाख ३० हजारांच्या वर किलोमीटर. वडिलांनी शोरूममधून नवी घेतली होती, आता मी चालवतो. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी पासिंग वेळच्या वेळी केलेलं आहे. गाडी विकायची नाही, तेव्हा 'काढून टाका, दुसरी घ्या' हा सल्ला कृपया देऊ नका.

त्रास असा आहे. साताऱ्यात थंडीत सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर पडायला जड जातो. यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतलं की 'कर्र' आवाज येतो आणि दांड्याची थरथर तळहाताला जाणवते. मध्ये न्यूट्रलला आणून, क्लच सोडून, जरा रेस देऊन परत क्लच दाबला तर गिअर निमूट पडतो. गाडी कासपर्यंत गेली, गिअरबॉक्स तापला, की त्रास बराच कमी होतो. चौथ्या-पाचव्याची काही तक्रार नाही.

क्लचवर संशय होता म्हणून केबल बदलून घेतली, पेडलचा प्लेही नीट लावला. गाडी उभी असताना रिव्हर्स आवाज न करता पडतो. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसता तर तिथे आधी करकर ऐकू आली असती. म्हणजे क्लच ठीक असावा असं मी धरून चाललोय.

हे सुरू झालं पावसाळ्यानंतर. डाव्या बाजूचं एक्सलचं ऑइल सील गळत होतं. ते एका गॅरेजमध्ये बदललं, तेव्हा ऑइलही नवं भरलं. कोणतं भरलं विचारलं तर उत्तर, 'नव्वद नंबर'. डबा नाही, ड्रममधलं सुटं. पण नव्वद हा नुसता घट्टपणा झाला. त्यात रसायनं कोणती, हे जीएलच्या आकड्यावरून कळतं, आणि तो आकडा कोणालाच सांगता येईना. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलंय.

परवा लेव्हल प्लग उघडून करंगळी आत घातली. ऑइल काठापर्यंत आहे, म्हणजे कमी पडलेलं नाही. वास मात्र गंधकासारखा उग्र आहे. बोटांत चोळून उन्हात धरलं तर अगदी बारीक सोनेरी चकाकी दिसते. लोखंडाचा कण, तुकडा काही हाताला लागला नाही.

माझ्या वाचनाप्रमाणे जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ती हायपॉइड डिफरन्शिअलच्या (इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) दातांसाठी, जिथे दात एकमेकांवर घासत सरकतात आणि दाब प्रचंड असतो. झेनमध्ये तसं डिफरन्शिअल नाहीच. इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच खोक्यात, दात हेलिकल, म्हणजे तिरपे कापलेले. मग जीएल-५ चा उपयोग काय? उलट सिंक्रोच्या पितळी रिंगांना तापलेलं गंधक खातं म्हणतात.

आता तोच मिस्त्री म्हणतो, '१४० नंबरचं, आणखी घट्ट ऑइल टाकू, आवाज जाईल. नाहीतर बॉक्स खोलावा लागेल.' मला दोन्ही पटत नाही. १४० घालण्यात काही अर्थ आहे का? आणि इथे दुकानात 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही लिहिलेली बाटली दाखवतात, ती चालेल का?

घाटवाट:
दादा, १४० अजिबात घालू देऊ नका. घट्ट ऑइलने दातांचा आवाज दबतो, पण तुमचा आवाज दातांचा नाही, सिंक्रोचा आहे. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर घासून त्याचा वेग जुळवते. त्यासाठी मधला ऑइलचा थर पटकन बाजूला व्हावा लागतो. थंडीत घट्ट ऑइल तिथून हलत नाही, रिंग नुसती घसरते आणि गिअर दातावर दात आपटत पडतो. गरम झाल्यावर त्रास कमी होतो असं तुम्हीच लिहिलंय. १४० घातलंत तर सकाळी दुसरा पडणारच नाही.

७५डब्ल्यू-९० जीएल-४ घ्या. तापल्यावर ते नव्वदच असतं, थंडीत मात्र ८०डब्ल्यू-९० पेक्षा पातळ राहतं. आणि कोणी म्हणालं की '९० म्हणजे इंजिनच्या २०डब्ल्यू-४० च्या दुप्पट घट्ट', तर तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तापल्यावर गिअरचं ९० आणि इंजिनचं ४० किंवा ५० जवळपास सारखेच असतात.

कोल्हापूरचा मेकॅनिक:
दोन्ही लिहिलेल्या बाटलीबद्दल सांगतो. 'जीएल-५' मोठ्या अक्षरात आणि जीएल-४ नुसतं सोबतीला असेल तर ते ऑइल मुळात जीएल-५ च असतं. आजकालची बरीच जीएल-५ ऑइलं तांब्याच्या पट्टीची गंजचाचणी चांगली पास होतात, त्यामुळे रिंगा लगेच खाल्ल्या जातील असं नाही. पण दुसरी अडचण राहतेच. ते रिंगेसाठी जास्त निसरडं असतं, घर्षण हवं तिथे मिळत नाही. केवळ जीएल-४ लिहिलेलीच बाटली घ्या. साताऱ्यात नाही मिळाली तर पुण्यात नाना पेठेत विचारा. सुटं ऑइल कुठल्याही दुकानातून घेऊ नका.

चकाकी बारीक असेल तर घाबरू नका, एवढ्या चाललेल्या गाडीत रिंगांची झीज असणारच. पापुद्रे किंवा लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र बॉक्स खोलायचा.

धागाकर्ता:
आभार दोघांचेही. पुण्याहून ७५डब्ल्यू-९० जीएल-४ मागवतोय. जुनं ऑइल काढल्यावर आतून रॉकेलने धुवायचं का? एका मित्राचा तसा आग्रह आहे.

कोल्हापूरचा मेकॅनिक:
रॉकेल नको. ते कोपऱ्यात राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा, गरम असतानाच ऑइल सोडा. काहीही करा, पण आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन प्लग खोला. ऑइल सांडून गेलं आणि वरचा प्लग अडकला तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. सपाट जागेवर उभी करून, भरायच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत भरा. पाचेकशे किलोमीटरनंतर हेच ऑइल सोडून परत नवं भरलं तर जुन्याचा उरलासुरला अंशही निघून जाईल. खर्च होईल, पण बॉक्स खोलण्यापेक्षा कितीतरी कमी.

त्यानंतरही गाडी गरम असताना दुसऱ्याला कर्र होत असेल, तर दुसऱ्याची रिंग गेली समजा. मग कोणतंही ऑइल घाला, ती भरून येणार नाही.