लिब्रेऑफिसच्या टूलबारवरचे बरेच आयकॉन गायब, कोलिब्रेची झिप उडवल्यापासून

रिकामीचौकट

डेबियन १२, डेस्कटॉप एक्सएफसीई, ६४ बिट. केलेलं सगळं क्रमाने देतो, म्हणजे अंदाज बांधायला नकोत.

१. एपीटीने (डेबियनचं पॅकेज टाकायचं साधन) फक्त रायटर आणि कॅल्क टाकले, '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावून, म्हणजे शिफारस केलेली जादा पॅकेजं गाळून. आवृत्ती ७.४. खिडकी करड्या रंगाची, जुनाट दिसायला लागली. आयकॉन थीमच्या यादीत कोलिब्रे सोडून काही नाही.

२. मग अधिकृत साइटवरून लिब्रेऑफिस २४.२ ची डेब फाइलींची (डेबियनच्या पॅकेजांची) टारबॉल उतरवली, 'डीईबीएस' फोल्डरमध्ये जाऊन 'सुडो डीपीकेजी -आय *.डेब' केलं. ते '/ऑप्ट'मध्ये बसलं. ७.४ काढलेलं नाही.

३. मला सिफ्र थीम ७.४ मध्ये हवी होती. '/ऑप्ट'मधली 'इमेजेस_सिफ्र.झिप' उचलून ७.४ च्या कोलिब्रेची झिप जिथे होती त्याच फोल्डरमध्ये टाकली आणि सिफ्रच डीफॉल्ट व्हावी म्हणून कोलिब्रेची झिप उडवली.

आता सेव्ह, प्रिंट, बोल्ड वगैरे दिसतात. बाकी कित्येक बटणं कोरी, काहींवर चित्राऐवजी नुसतं नाव. चार्ट विझार्डमधली चित्रंही गेली. 'एपीटी इन्स्टॉल लिब्रेऑफिस-स्टाइल-कोलिब्रे' म्हणतं, आधीच सर्वांत नवी आवृत्ती आहे. शिवाय पॅनेलवरच्या रायटरच्या जागी कोरा कागद दिसतो. प्रोफाइलचं (माझ्या सेटिंगचं) फोल्डर उडवून बघू का? की सगळंच काढून नव्याने टाकू?

---

कर्नलकाका

दोन्ही नको. या थीमचे आयकॉन प्रोफाइलमध्ये नसतातच. '~/.कॉन्फिग/लिब्रेऑफिस/४' उडवलंत तर ऑटोकरेक्टच्या नोंदी, मॅक्रो, स्वतः केलेले टेम्प्लेट जातील आणि कोरी बटणं कोरीच राहतील. प्रोफाइलमध्ये थीमचं फक्त नाव असतं: 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स.एक्ससीयू' फाइलमध्ये 'सिम्बॉलस्टाइल' शोधा, तिथे 'सिफ्र' लिहिलेलं सापडेल.

तुमच्या तीन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, त्यामुळे त्या एका झटक्यात सुटणार नाहीत. टूलबारवरची चित्रं प्रोग्रामच्या स्वतःच्या झिपमधून येतात. खिडकीचं करडं रूप हा डेस्कटॉपशी जोडणाऱ्या प्लगइनचा मामला. पॅनेलवरचा रायटर सिस्टिमच्या आयकॉन थीममधून येतो, लिब्रेऑफिसच्या झिपशी त्याचं काही देणंघेणं नाही. दोन्हींना आपण 'आयकॉन थीम'च म्हणतो, म्हणून घोळ होतो.

आता कोरी बटणं. तुम्ही आवृत्त्यांची सरमिसळ केलीत हे खरं, पण मुख्य घाव तो नाही. लिब्रेऑफिसच्या बहुतेक थीम अपुऱ्या असतात आणि तसं असणं गृहीतच धरलेलं आहे. चित्र सिफ्रमध्ये नसेल तर प्रोग्राम ब्रीझ नावाच्या थीममध्ये बघतो, तिथेही नसेल तर कोलिब्रेत. कोलिब्रे हा तळ, त्याखाली काही नाही. तुमच्याकडे ब्रीझ कधी बसवलेलीच नव्हती आणि कोलिब्रे तुम्ही उडवलीत. म्हणून सिफ्रमध्ये जेवढं आहे तेवढंच दिसतंय. कोलिब्रे वापरायची नसली तरी काढायची नाही.

एपीटी 'आधीच आहे' म्हणतं कारण त्याच्या वहीत पॅकेजची नोंद आहे. फाइल जागेवर आहे का, हे ते इन्स्टॉल करताना बघत नाही. हे चालवा (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत):

डीपीकेजी -व्ही लिब्रेऑफिस-स्टाइल-कोलिब्रे

यातली 'व्ही' मोठ्या लिपीतली. उत्तरात 'मिसिंग' आणि पुढे झिपचा पत्ता आला की निदान पक्कं. मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिब्रेऑफिस-स्टाइल-कोलिब्रे

हाताने टाकलेली सिफ्रची झिप काढून टाका आणि ती थीम रीतसर घ्या: 'लिब्रेऑफिस-स्टाइल-सिफ्र', सोबत 'लिब्रेऑफिस-स्टाइल-ब्रीझ'. डेबियनमध्ये प्रत्येक थीमचं पॅकेज वेगळं आहे, म्हणून तर तुमच्या यादीत एकच नाव होतं.

करड्या खिडकीसाठी 'लिब्रेऑफिस-जीटीके३' टाका, एक्सएफसीईच्या खिडक्या काढणाऱ्या जीटीके लायब्ररीशी जोडणारं प्लगइन. रायटर-कॅल्क त्याच्यावाचूनही चालतात, त्यामुळे शिफारशी गाळल्या की हे पॅकेज येत नाही आणि प्रोग्राम 'जेन' नावाच्या साध्या प्लगइनवर उतरतो. हेल्प > अबाउटमध्ये 'व्हीसीएल:' पुढे काय लिहिलंय ते आधी आणि नंतर बघा.

हे करताना लिब्रेऑफिस पूर्ण बंद हवं. खिडकी बंद केली तरी 'सॉफिस.बिन' मागे रेंगाळत असेल, तर तो जुनीच थीम धरून बसतो. 'पीग्रेप -ए सॉफिस' करून खात्री करा.

---

झिपफोडे

काकांशी सहमत. झिप उघडून बघितली की हे डोळ्यांना दिसतं. ज्या फोल्डरमध्ये थीम आहेत तिथे जाऊन:

अनझिप -एल इमेजेस_कोलिब्रे.झिप | ग्रेप सेव्ह.पीएनजी

'सीएमडी' फोल्डरखाली 'एलसी_सेव्ह.पीएनजी' आणि 'एससी_सेव्ह.पीएनजी' दिसतील. 'एलसी' म्हणजे मोठा आयकॉन, २४ पिक्सेल. 'एससी' म्हणजे छोटा, १६ पिक्सेल. ३२ पिक्सेलवाला 'सीएमडी/३२' मध्ये. यातून एक फसवा प्रकार घडतो: एखाद्या बाहेरच्या थीममध्ये फक्त 'एलसी' असतात, टूलबार ठीक दिसतो, आयकॉनचा आकार 'छोटा' केला की काही बटणं अचानक दुसऱ्याच थीमसारखी दिसू लागतात. ती कोलिब्रेतून उसनी आलेली असतात. बिघाड नाही तो.

त्याच झिपमध्ये 'लिंक्स.टीएक्सटी' असते. एकच चित्र दोन-चार कमांडना वापरायचं असेल तर त्याच्या प्रती न ठेवता इथे एका ओळीत 'हे नाव म्हणजे ते चित्र' असं लिहितात. थीम स्वतः जुळवणारे लोक झिप पुन्हा बांधताना ही फाइल हमखास विसरतात आणि मग 'सेव्ह दिसतं पण सेव्ह ॲज दिसत नाही' असल्या तक्रारी येतात.

आणखी तीन गोष्टी:

झिप अर्धवट उतरलेली असू शकते. 'अनझिप -टी' करून शेवटी चूक नाही असं आलं पाहिजे.

नाव 'इमेजेस_' नेच सुरू आणि '.झिप' नेच संपायला हवं. ब्राउझरने कंसात १ जोडून सेव्ह केलेली फाइल तशीच टाकली तर यादीत विचित्र नावाची थीम उगवते. फाइलची परवानगीही बघा. सुडोने कॉपी केलेली झिप कधीकधी फक्त रूटलाच वाचता येते, तेव्हा ती थीम असून नसल्यासारखी. 'सीएचमॉड ६४४' पुरतं.

आणि सिफ्रबद्दल: ती एकरंगी, काळ्या रेषांची आहे. डेस्कटॉपची थीम गडद असेल तर आयकॉन जागेवर असूनही दिसत नाहीत. कोऱ्या बटणावर माउस नेऊन बघा, काळ्यावर काळं पुसटसं दिसलं तर तो गहाळ आयकॉन नाही, चुकीची थीम आहे. गडद डेस्कटॉपला 'सिफ्र डार्क' किंवा 'ब्रीझ डार्क' निवडा.

---

रिकामीचौकट

'डीपीकेजी -व्ही' ने 'मिसिंग' दाखवलं. रीइन्स्टॉल केलं, सिफ्र आणि ब्रीझ एपीटीने टाकल्या, जीटीके३ टाकलं. ७.४ मध्ये सगळी बटणं परत आली, चार्टची चित्रंही. अबाउटमध्ये 'व्हीसीएल: जीटीके३'.

पण एक चमत्कारिक प्रकार. टर्मिनलवरून 'लिब्रेऑफिस२४.२' चालवलं तर खिडकी उघडते, अबाउटमध्ये मात्र ७.४ लिहिलेलं. दोन्ही एकच झाले की काय?

---

कर्नलकाका

एक झाले नाहीत, एकच प्रोफाइल वापरतायत. दोघांचंही डीफॉल्ट प्रोफाइल '~/.कॉन्फिग/लिब्रेऑफिस/४'. त्या प्रोफाइलवर एक प्रत आधीच चालू असेल तर दुसरी आपलं काम तिच्याकडे सोपवते आणि गप्प बंद होते. म्हणजे ७.४ ची एक खिडकी कुठेतरी उघडी होती.

याचा त्रास आयकॉनपुरता नाही. एकीत निवडलेली थीम दुसरीतही लागू होते, आणि दुसरीत ती बसवलेली नसली की तिथे भलतंच दिसतं. एक्स्टेन्शनही सामायिक होतात, नव्यासाठी लिहिलेलं एक्स्टेन्शन जुन्यात अडखळतं.

दोन्ही ठेवायच्याच असतील तर २४.२ ला वेगळं प्रोफाइल द्या:

लिब्रेऑफिस२४.२ -ईएनव्ही:यूजरइन्स्टॉलेशन=फाइल:///होम/तुमचंनाव/.कॉन्फिग/लिब्रे-चाचणी

'फाइल:' नंतर तीन तिरप्या रेघा, दोन नाहीत. आणि '~' इथे चालत नाही, पूर्ण पत्ता लिहा.

माझं मत विचाराल तर एकच ठेवा. २४.२ काढायचं असेल तर:

सुडो एपीटी पर्ज 'लिब्रेऑफिस२४.२*' 'लिबओबेसिस२४.२*'

आकडा गाळू नका. नुसतं 'लिब्रेऑफिस*' लिहिलंत तर डेबियनचं ७.४ पण जाईल. अवतरणचिन्हंही ठेवा, नाहीतर चालू फोल्डरमध्ये त्या नावाच्या डेब फाइली पडलेल्या असल्या तर शेल तारांकित नावाच्या जागी त्या फाइलींची नावं भरेल. 'वाय' दाबण्याआधी एपीटी दाखवतो ती यादी वाचा. लिबओबेसिसची पॅकेजं बरीच निघतील, घाबरू नका. प्रोग्रामचा मोठा भाग त्यांतच असतो, लिब्रेऑफिस नावाची पॅकेजं आकाराने किरकोळ.

---

पॅनेलपारखी

पॅनेलचा कोरा कागद अजून राहिलाय ना? त्याबद्दल.

लाँचरच्या '.डेस्कटॉप' फाइलमध्ये 'आयकॉन=' अशी ओळ असते आणि तिथे फक्त नाव असतं, पत्ता नसतो. डेबियनच्या पॅकेजमध्ये ते 'लिब्रेऑफिस-रायटर', २४.२ मध्ये 'लिब्रेऑफिस२४.२-रायटर'. डेस्कटॉप हे नाव आधी तुमच्या निवडलेल्या थीममध्ये शोधतो, मग ती थीम ज्यांच्यावर आधारलेली आहे त्यांत, आणि शेवटी 'हायकलर' या सर्वांसाठीच्या राखीव थीममध्ये. लिब्रेऑफिसचे आयकॉन 'हायकलर'मध्येच बसतात.

एक्सएफसीईत तपासण्याची पहिली जागा म्हणजे पॅनेलची स्वतःची प्रत. पॅनेलवर लाँचर टाकला की त्याची फाइल '~/.कॉन्फिग/एक्सएफसीई४/पॅनेल/लाँचर-आकडा/' या फोल्डरमध्ये कॉपी होते. तुम्ही लाँचर २४.२ वरून टाकला असेल आणि आता २४.२ काढाल, तर त्या प्रतीतलं नाव कशालाच जुळणार नाही. फाइल दुरुस्त करत बसू नका. लाँचर काढा, मेनूतून ७.४ चा रायटर ओढून पुन्हा टाका.

मुख्य मेनूतही कोरा कागदच असेल तर आयकॉनची कॅश शिळी आहे:

सुडो जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश -एफ -टी /यूएसआर/शेअर/आयकॉन्स/हायकलर

ही कॅश शिळी का होते, ते मजेशीर आहे. कॅश ताजी आहे की नाही हे ठरवताना जीटीके थीमच्या फक्त वरच्या फोल्डरची वेळ बघतं. तुम्ही '४८एक्स४८/ॲप्स' मध्ये हाताने फाइल टाकली तर त्या आतल्या फोल्डरची वेळ बदलते, 'हायकलर'ची नाही. मग जीटीके जुन्या कॅशवर विश्वास ठेवून 'असा आयकॉन नाही' म्हणतं, फाइल समोर असूनही. पॅकेजातून आलेल्या फाइलींसाठी डीपीकेजी हे काम ट्रिगरने उरकतो, हाताने कॉपी करणाऱ्यांसाठी नाही.

'हायकलर-आयकॉन-थीम' पॅकेज आहे का तेही बघा. फोल्डर आहे पण त्यात 'इंडेक्स.थीम' नाही, अशी अवस्था असेल तरी वरची कमांड '-टी'मुळे तक्रार करणार नाही, म्हणून ते स्वतः बघा.

नंतर कुणी हा धागा दुसऱ्या डिस्ट्रोसाठी वाचत असेल तर: ओपनसुसेत थीमचं एकत्र पॅकेज 'लिब्रेऑफिस-आयकॉन-थीम्स' आहे. आर्चमध्ये 'फ्रेश' आणि 'स्टिल' दोन्हींत थीम आतच येतात, वेगळं काही टाकायचं नाही. फ्लॅटपॅकमध्येही (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं वेगळं पॅकेज) थीम आतच, आणि तिथे बाहेरून झिप कॉपी करायचा नाद सोडा. प्रोफाइलही वेगळीकडे, '~/.व्हार/ॲप' खाली. फ्लॅटपॅक पहिल्यांदाच बसवलं असेल तर लाँचरचा आयकॉन एकदा लॉगआउट करून परत आल्याशिवाय दिसत नाही, कारण 'एक्सडीजी_डेटा_डिर्स' मध्ये त्याचं फोल्डर सत्र सुरू होतानाच जोडलं जातं.

---

रिकामीचौकट

२४.२ पर्ज केलं, लाँचर काढून पुन्हा टाकला, चित्र आलं. कॅशची कमांड लागली नाही.

शेवटचं एक: जीटीके३ टाकल्यापासून फाइल, एडिट वगैरे मेनूंमध्ये शब्दांशेजारी असायचे ते छोटे आयकॉन दिसत नाहीत. टूलबार व्यवस्थित आहे. पुन्हा काही गहाळ आहे का?

---

झिपफोडे

काही गहाळ नाही. ती सेटिंग 'ऑटोमॅटिक' वर असली की लिब्रेऑफिस डेस्कटॉपला विचारतं, आणि जीटीके३ मध्ये मेनूतले आयकॉन मुळातच बंद असतात. टूल्स > ऑप्शन्स > लिब्रेऑफिस > व्ह्यू मध्ये मेनूच्या आयकॉनसाठी 'शो' निवडा.