आराखड्यात उतार आणि झाडी वाचवायची तर नियम नक्की काय मागायचा?

पायवाट:
शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना द्यायच्यात. मसुद्यात फक्त 'झाडे शक्यतो वाचवावीत' एवढंच आहे, उताराबद्दल अवाक्षर नाही. शक्यतो म्हणजे काहीच नाही हे कळतं, पण त्याजागी काय लिहू? एक तोडलं तर पाच लावा, चालेल?

मातीकाम:
ते पाचाचं सोडा. रोपं लावणार दुसरीकडे सपाटीवर आणि इथला उतार उघडा. शिवाय झाड तोडलं की लगेच माती सुटत नाही हो, जुनी मुळं कुजायला काही वर्षं जातात तोवर सगळं ठीक दिसतं, आणि नवी मुळं पकड घेण्याआधी त्या मधल्या काळात जोरदार पाऊस झाला की उतार खाली येतो, तेव्हा परवानगी देणारा साहेब पण बदललेला असतो आणि बिल्डर पण निघून गेलेला. झाडं मोजत बसू नका, उतार आणि झाडीची हद्द एकत्र नकाशावर आखून मागा.

कंटूरवाला:
+१. पण मोजायचं कसं ते लिहा, खरी गोम तिथेच आहे. उदाहरणार्थ २० टक्के उतार म्हणजे ५ मीटर आडवं गेल्यावर १ मीटर चढ, साधारण ११ अंश. टक्के आणि अंश यात लोक हमखास गोंधळतात (४५ अंश म्हणजे १०० टक्के!). अख्ख्या प्लॉटची सरासरी काढली की खालच्या सपाट भागामुळे वरचा तीव्र उतार आकड्यातून गायब, म्हणून कंटूरवरून (नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा) तुकड्यातुकड्याने मोजा म्हणावं, आणि मूळ जमिनीचाच उतार धरा, नाहीतर आधी जेसीबी फिरतो मग मोजणीवाले येतात. माथ्यापासून आणि पायथ्यापासून अंतर सोडणं पण सक्तीचं करा. पायथा कापला की वरच्या मातीचा आधारच जातो.

पायवाट:
भारी. पण मालक म्हणणार आमची जमीन फुकट गेली?

मातीकाम:
तेवढीच घरं सपाट भागात एकमेकांना लागून बांधू द्या. सपाट भागच नसेल तर टीडीआर, म्हणजे इथला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरायची मुभा. फक्त सोडलेला उतार कायमचा मोकळा म्हणून नोंदवून घ्या, नाहीतर काही वर्षांनी 'फेज टू' आलाच म्हणून समजा.

कंटूरवाला:
आणि एवढं कडक कशाला असं कोणी म्हटलं तर हाँगकाँग सांगा, १९७२ च्या पावसात दरडींखाली शंभरावर माणसं गेली आणि मग १९७७ मध्ये उतारांसाठी वेगळं सरकारी ऑफिस काढावं लागलं. छपराचं पाणी उतारावर मोकळं सोडायचं नाही, पाइपने खाली न्यायचं, हे पण टाका हरकतीत.