गोव्यातल्या बौद्ध गुंफांची राखण कोणी करायची, गावाने की खात्याने?

सडेकार

डिचोलीजवळचं लामगाव, साखळीचं हरवळे, सांगे तालुक्यातलं रिवण. बौद्ध भिक्षूंच्या वस्तीशी ज्यांचं नातं जोडलं जातं त्या गोव्यातल्या गुंफा जांभ्यात कोरलेल्या आहेत आणि गावाला लागून आहेत. माझा प्रस्ताव असा: रोजची राखण ग्रामसभेने नेमलेल्या पाच-सात जणांच्या समितीकडे द्यावी. पुरातत्त्व खात्याने मे आणि ऑक्टोबरमध्ये येऊन तपासणी करावी. कोरीव भागाची दुरुस्ती मात्र खात्याच्या जाणकारांशिवाय कुणीही करू नये.

गोव्यात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. गुंफेचं नुकसान याच चार महिन्यांत होतं. माथ्यावरची पाण्याची वाट पानांनी तुंबते, पाणी गुंफेच्या कपाळावरून, म्हणजे तोंडावरच्या दगडी कडेवरून, ओघळायला लागतं, भेगेत पिंपळाचं रोप धरतं. हे पणजीत बसून दिसत नाही, शेजारी राहणाऱ्याला दिसतं.

समितीची कामं मोजकी ठेवावीत. मे महिन्यात माथ्यावरचा पालापाचोळा उचलावा, गुंफेच्या कपाळापासून तीनेक मीटर मागे आडवा चर खणावा (फूटभर रुंद, फूटभर खोल, शंभर फुटांना एक फूट उतार) आणि पाणी बाजूला काढून द्यावं. जुलैत माती भिजलेली असताना वड-पिंपळाची बोटभर रोपं हाताने उपटावीत. त्याहून मोठं झाड ओढायचं नाही, कारण मूळ भेगेत फुगलेलं असतं आणि ओढलं की दगडाचा तुकडाच सोबत येतो. ते बुंध्याशी कापावं, पुन्हा फुटलं की पुन्हा कापावं. मूळ वाळल्यावर उरणारी पोकळी भरण्यासाठी खात्याला कळवावं.

ऑक्टोबरमध्ये फोटो. जागा ठरवून जमिनीत खुंटी मारून ठेवावी आणि दरवर्षी तिथूनच फोटो काढावेत, सकाळच्या तिरप्या उन्हात, बाजूला मोजपट्टी ठेवून. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू लावायचा नाही, पाणीही मारायचं नाही.

चुन्याची_घाणी

सडेकारभाई, हेतू चांगला आहे, पण तुमच्या यादीतलं दुसरंच काम गुंफेला घातक आहे. दुरुस्तीला हात लावायचा नाही म्हणता आणि माथ्यावर चर खणायला सांगता! तो चर म्हणजेच सगळ्यात मोठी दुरुस्ती.

सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या पठाराचा, वरचा थर कडक असतो. पाऊस-उन्हात लोह सुटून पुन्हा घट्ट होतं आणि कवच तयार होतं. त्याच्याखाली जांभा मऊ होत जातो, आणखी खाली चिकट माती लागते. गुंफा त्या मऊ भागात कोरल्यात, म्हणून तर छिन्नी चालली. तुम्ही फूटभर चर खणलात की कवच फुटतं. वरून वाहून जाणारं पाणी आता चरातून थेट मऊ थरात शिरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत गुंफेच्या छतातून ठिबकायला लागतं. तोंडाशी ओघळणारं पाणी दिसतं तरी. छतात मुरलेलं पाणी दिसतं तेव्हा पापुद्रे पडायला लागलेले असतात.

खणायचं नाहीच. वर मातीची मेर, म्हणजे बुटका बांध, घालायची, वीतभर उंच, चोपलेल्या चिकणमातीची, आणि तीसुद्धा उताराची पातळी मोजून. पातळी कोण मोजणार? पाण्याची नळी घेऊन गवंडी मोजेल, पण पाणी कुठे सोडायचं हे त्याला कोण सांगणार? खाली दुसरी गुंफा असेल तर?

दुसरा मुद्दा सिमेंटचा. गावाच्या हाती काम गेलं की सिमेंट येतंच, कारण तालुक्याच्या प्रत्येक दुकानात ते मिळतं आणि मुरवलेला चुना मिळत नाही. सिमेंटचा लेप मारलेल्या जांभ्याकडे एकदा जवळून बघा. लेप शाबूत असतो. त्याच्या कडेने दोन बोटं रुंदीचा पट्टा भुसभुशीत झालेला असतो, नखाने खरवडला तरी लाल भुकटी हातात येते. दगडातल्या ओलीला सिमेंटमधून बाहेर पडता येत नाही, म्हणून ती कडेने पडते, तिथे सुकते आणि सोबत आणलेला क्षार तिथेच सोडते. क्षाराचे खडे छिद्रात वाढतात आणि दगड आतून फोडतात. कडा मागे सरकते, मग कुणीतरी आणखी मोठा लेप मारतो.

भेग बुजवायचीच तर किमान काही महिने पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग, बारीक चाळलेली सुरखी (विटेची भुकटी) आणि वाळू मिळून तीन भाग. भरण्यापूर्वी भेग ओली करायची, भरल्यावर आठवडाभर तरी ओलं गोणपाट लावून ठेवायचं. घाई झाली, ऊन लागलं की चुना सुकतो पण धरत नाही, आणि पहिल्या पावसात धुऊन जातो. हे काम रविवारच्या श्रमदानात बसत नाही.

महाजन_अंत्रुज

चुन्याचं शास्त्र मान्य. पण या धाग्यात एक गोष्ट कुणी बोललंच नाही: यांतल्या काही गुंफांत लिंगं आहेत, पूजा चालू आहे. हरवळेच्या गुंफा साधारण सहाव्या-सातव्या शतकातल्या मानल्या जातात, लोक त्यांना पांडवांच्या म्हणतात आणि महाशिवरात्रीला तिथे येतात. लामगावातही लिंग आहे, नंदी आहे. खात्याच्या लेखी हे स्मारक असेल, गावाच्या लेखी तो देव आहे. देवाची जबाबदारी गाव कधीच सोडत नाही. गोव्यात देवस्थान चालवणारे महाजन आणि पोर्तुगीजांनी जिला कोमुनिदाद म्हटलं ती गावकारी या सामुदायिक कारभाराच्या पद्धती पोर्तुगीज राजवटीआधीपासून आहेत. नवी समिती कशाला? जे आहेत त्यांनाच नियम समजावून सांगा.

आणि नियम पूजेचे हवेत, कारण आतली खरी झीज पूजेतूनच होते. थोडं सविस्तर लिहितो.

तेल: जांभ्याची छिद्रं तेल पितात, त्यावर धूळ बसून काळी साय चढते आणि ती काढताना दगडच निघतो. समई पितळेच्या ताटात, भिंतीपासून दोन हात लांब. भिंतीतल्या कोनाड्यात पणती अजिबात नको, भले तो कोनाडा दिव्यासाठीच कोरलेला असो.

अभिषेक: पाण्याला शाळुंकेवरून बाहेर जायची वाट असते, ती फुलं-पानांनी बुजते आणि पाणी जमिनीत मुरतं. दूध आणि मध तर बुरशीचं खाद्य. रोज पितळेच्या लहान लिंगावर ताम्हनात अभिषेक करावा, मूळ लिंगावर वर्षातून एकदा, तोही साध्या पाण्याचा, आणि लगेच सुती कापडाने टिपून घ्यावं. जिथे लिंगावर अक्षरं कोरलेली आहेत तिथे भस्म-कुंकू अक्षरांत भरू देऊ नये.

वीज: चोवीस तास जळणाऱ्या बल्बभोवती हिरवं शेवाळ धरतं, अंधाऱ्या गुंफेतसुद्धा. पूजेपुरता एलईडी लावावा, मग बंद.

सगळ्यात वाईट म्हणजे फरशी. एखादा भाविक देणगी देतो, कमिटी गुळगुळीत टाइल्स घालते. जमिनीतली ओल पूर्वी उघड्या जांभ्यातून वर निघून जायची, ती आता टाइल्सखाली अडते आणि भिंतीतून वर चढते. मग गुडघाभर उंचीपर्यंत भिंत सोलायला लागते. ग्रेनाइट घाला नाहीतर संगमरवर, फरक पडत नाही.

हे सगळं पुजाऱ्याला गावातलाच वडीलधारा सांगू शकतो. खात्याचा माणूस सांगायला गेला तर पहिल्या वाक्यालाच भांडण.

चुन्याची_घाणी

महाजन, तुमचं लिखाण मनापासून पटलं, पण त्यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. टाइल्स घालणारी कमिटी गावाचीच ना? समोर देणगीदार उभा असताना त्याला ‘नाही’ म्हणायची ताकद गावातल्या कुणात असते? बाहेरच्या सरकारी नियमाकडे बोट दाखवता आलं तरच नाही म्हणता येतं.

आणि बौद्ध वारशाचं काय? भोज घराण्यातला राजा असंकित याच्या हिरेगुत्ती ताम्रपटात आर्यसंघाला, म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाला, गाव दान दिल्याची नोंद आहे, म्हणजे या किनाऱ्यावर संघ नांदत होता. इतिहासकार फादर हेरास यांना 1930 साली कोलवाळच्या मुशीर भागात बुद्धमूर्ती सापडली. आज जिथे कोणी बौद्ध पूजक उरलेला नाही तिथे समितीत बौद्धांच्या बाजूने कोण बोलणार? भिंतीतला रिकामा कोनाडा पूजेच्या उपयोगाचा नाही म्हणून बुजवला, तर गावाला काही हरवल्यासारखं वाटणार नाही, अभ्यासकाला मात्र वाटेल.

कुशावती_काठ

हेरासांच्या मूर्तीचा दाखला मी उलट बाजूने देते. ती मूर्ती मुंबईच्या हेरास संस्थेत गेली, तिथेच आहे. तिला तिथे इजा नाही, हे बरंच आहे. पण मुशीरमध्ये ती नेमकी कुठे होती, शेजारी कुठले दगड पडले होते, ही माहिती मूर्तीबरोबर गावात राहायला हवी होती. म्हणून समितीचं पहिलं काम मी वेगळं सांगेन: सुट्या दगडांची वही. गुंफेच्या आवारात पडलेला प्रत्येक घडीव तुकडा, त्याचा फोटो, माप, जागा. क्रमांक दगडावर रंगवायचा नाही, नकाशावर लिहायचा. कुळागराच्या (बागायतीच्या) गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, लागलेले घडीव चिरेसुद्धा त्यात येऊ द्या.

गाव उपयोगाचं नाही असं म्हणणाऱ्यांनी पणसायमळची कातळशिल्पं आठवावीत. ती बौद्ध नाहीत, कितीतरी जुनी आहेत. पण कुशावती नदीच्या काठची ती शिल्पं 1993 मध्ये खात्यापर्यंत पोचली ती गावकऱ्यांनी सांगितल्यामुळे. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. तिथलं दुखणं मात्र निराळं: आडवा जांभा, त्यावर उथळ रेषा आणि त्यांवरून चालणारे पाय. चपलेखाली वाळूचा एक कण असला तरी तो पॉलिश पेपरसारखा घासतो. तिथे लाकडी पायवाट आणि राखणदार हवा, चुना नको.

खाणपट्टा_बाजू

सगळे पाण्यावर आणि पूजेवर बोलताहेत. डिचोली तालुक्यात खाणपट्ट्यांच्या शेजारी असलेल्या गुंफांचं काय? तिथे समिती असो की खातं, कागद भक्कम नसेल तर दोघांचाही उपयोग नाही.

पहिला कागद नमुना 1 व 14, म्हणजे जमिनीचा उतारा. गुंफा कुठल्या सर्व्हे क्रमांकात आहे, जमीन देवस्थानची, कोमुनिदादची की खाजगी भाटकाराची (जमीनमालकाची), आणि गुंफेची नोंद उताऱ्यावर आहे का, हे आधी बघा. नोंद नसेल तर मालक बदलला की नवीन माणसाला गुंफा माहीतच नसते. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीचे असतात. राज्याच्या यादीतल्या स्थळांना 1978 चा राज्याचा कायदा लागतो, त्यामुळे आपली गुंफा कुठल्या यादीत आहे ते आधी पक्कं करा, मग भांडा.

दुसरं, हादरे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात ऐतिहासिक वास्तूंसाठी सुरुंगाच्या हादऱ्यांची मर्यादा दिलेली आहे: कंपन 8 हर्ट्झच्या खाली असेल तर जमीन हलण्याचा वेग सेकंदाला 2 मिलिमीटर, 8 ते 25 मध्ये 5, त्यावर 10. ग्रामसभेने मागायचं ते इतकंच, की मोजणीचं यंत्र खाणपट्ट्याच्या हद्दीवर नको, गुंफेच्या जमिनीवर ठेवा. घरांसाठीची मर्यादा याहून ढिली असते आणि अहवालात तीच दाखवून मोकळं होता येतं. असा ठराव करायला गावच लागतं. खातं स्वतःहून करत नाही.

सडेकार

चराऐवजी मेर, हे मी यादीत घेतो. पण मेर धरली की गावाची गरज वाढते. मातीची मेर गुरांच्या खुरांनी तुटते, उंदराच्या बिळाने फुटते. मोठ्या सरीनंतर लगेच जाऊन ती चोपावी लागते, नाहीतर फुटलेल्या जागेतून सगळं पाणी एका धारेने कपाळावर येतं, आणि ते मेर नसण्यापेक्षा वाईट. हे काम खात्याच्या कुठल्या कंत्राटात बसतं?

देणगीदाराला नाही म्हणण्यासाठी: ग्रामसभेचा लेखी ठराव, त्यात फक्त मनाई. सिमेंट, ऑइल पेंट, टाइल्स, आम्लाने धुणं, प्रेशर पंप, खिळे. खाली खात्याच्या अधिकाऱ्याची सही. ठराव फ्रेम करून गुंफेत नाही, पंचायतीत लावायचा. बोट दाखवायला नियमही झाला आणि तो गावाचाही राहिला.

चुन्याची_घाणी

सहीपर्यंत मी तुमच्यासोबत. त्यात दोन गोष्टी घाला, नाहीतर माझा विरोध कायम. रिकामे कोनाडे, खुंट्यांची भोकं, जमिनीतले खळगे यांतलं काहीही बुजवायचं नाही, उपयोग कळो न कळो. आणि कोरडी कुंचली फिरवायची परवानगीसुद्धा साध्या भिंतीपुरतीच, जानेवारी-फेब्रुवारीत दगड पूर्ण सुकल्यावर. ओल्या जांभ्यावर मऊ कुंचलीसुद्धा माती ओढते. दगडफुलाला कोरीव भागावर नख लावायचं नाही. त्याचे बारीक तंतू दगडाच्या कणांत गेलेले असतात.

महाजन_अंत्रुज

कोनाडे न बुजवण्याचं गावाला पटवता येईल. रोजच्या अभिषेकाबद्दल मात्र घाई नको. आधी शाळुंकेची वाट मोकळी करा, पाणी बाहेर दगडी कुंडात जाऊ द्या, एक पावसाळा बघा. पितळेच्या लिंगाचा विषय पुढच्या शिवरात्रीआधी महाजनांच्या बैठकीत आणूया. तोपर्यंत ठरावात पूजेबद्दल एकच ओळ असावी: तेलाचा दिवा भिंतीपासून दोन हात लांब.

चुन्याची_घाणी

आणि दूध नको, हीसुद्धा. या एका ओळीवर मी माघार घेणार नाही.