मोशेचे पाच ग्रंथ: लेखक कोण आणि त्यांतील इतिहासावर विश्वास कितपत ठेवावा?

जुनीपोथी

मराठी बायबलमध्ये उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी येणारे पहिले पाच ग्रंथ इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याने स्वतः लिहिले, असे अनेक श्रद्धाळू वाचक आजही आग्रहाने मांडतात. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण ग्रंथांतच आहे. अनुवादाच्या ३४व्या अध्यायात मोशेचा मृत्यू सांगितला आहे आणि त्याची कबर आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही, असेही म्हटले आहे. हा ‘आज’ मोशेच्या हयातीतला असू शकत नाही. उत्पत्तीच्या ३६व्या अध्यायात अदोमचे राजे मोजताना, हे सर्व इस्राएलात राजा होण्यापूर्वीचे आहे, असा खुलासा येतो, आणि असा खुलासा इस्राएलचे राजे होऊन गेल्याचे माहीत असलेला माणूसच करील. उत्पत्तीत इस्राएलचा पूर्वज अब्राहाम शत्रूंचा पाठलाग ‘दान’पर्यंत करतो, त्या नगराला हे नाव मोशेनंतर पडले, हे शास्ते या ग्रंथात नोंदलेले आहे. बाराव्या शतकात इब्न एझ्रा या ज्यू भाष्यकाराने अशा स्थळांकडे सूचकपणे बोट दाखवले आणि १६७० साली स्पिनोझा या तत्त्वज्ञाने त्यांवरून मोशेचे कर्तृत्व उघडपणे नाकारले.

नोहाच्या कथेत तर एकदा प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घ्यायची आहे आणि लगेच पुढे शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. दोन परंपरा एकत्र विणल्या गेल्या आहेत, यापेक्षा सरळ स्पष्टीकरण मला दिसत नाही.

पैलतीर

आपण दाखवलेली स्थळे खरी आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष फार मोठा आहे. अनुवादाची शेवटची आठ वचने मोशेचा उत्तराधिकारी यहोशवा याने लिहिली, असे मत तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातही नोंदलेले आहे. म्हणजे ही अडचण परंपरेला ठाऊक होती आणि तिने ती लपवली नाही. नंतरच्या लेखनिकाने एखादे गावाचे नाव अद्ययावत केले किंवा खुलासा जोडला, म्हणून सारा ग्रंथ उत्तरकालीन ठरत नाही. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तरी ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला.

शिवाय पुरावा केवळ ग्रंथाच्या आत नाही. १९७९ साली जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या, आणि गणनेच्या सहाव्या अध्यायातील याजकांचा आशीर्वाद त्यांवर थोड्या फरकाने कोरलेला आहे. त्या बहुतेकांच्या मते इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरच्या किंवा सहाव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने, हा आशीर्वाद ज्यात येतो तो याजकीय थर, म्हणजे याजकांच्या परंपरेतला मजकूर, ज्यूंच्या बाबिलोनमधील बंदिवासानंतरचा (इ.स.पू. सहाव्या शतकानंतरचा) मानला होता. मग त्याच्या कालक्रमावर एवढा भरवसा का ठेवावा?

जुनीपोथी

ज्ञानेश्वरीचा दाखला माझ्याच बाजूने जातो, असे मी नम्रपणे म्हणेन. तेथे ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ हा काळ आणि कर्त्याचे नाव दोन्ही दिलेले आहेत. या पाच ग्रंथांत अमुक नियम किंवा अमुक वृत्तांत मोशेने लिहून ठेवला, असे काही ठिकाणी येते; सर्व ग्रंथ त्याचे आहेत, असे मात्र कोठेही येत नाही, आणि मोशेविषयीचे निवेदन बहुतांशी तृतीय पुरुषात आहे. गुंडाळ्यांवरून आशीर्वाद जुना ठरतो, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु जुना आशीर्वाद नंतरच्या संकलकानेही आपल्या ग्रंथात घेतलेला असू शकतो.

काठावरचा

आपण दोघेही लेखक कोण हा प्रश्न आणि वृत्तांत खरा की खोटा हा प्रश्न एकत्र करीत आहात, म्हणून लिहितो. इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या सुमारे इ.स.पू. १२०८च्या शिलालेखात ‘इस्राएल’ हे नाव कनानमधील, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या प्रदेशातील, एका लोकसमूहासाठी आलेले आहे. म्हणजे त्या काळी असे लोक होते, ही गोष्ट लेखक कोणीही असला तरी पक्की राहते. उलट निर्गमच्या बाराव्या अध्यायात इजिप्तमधून निघालेले सहा लाख पुरुष, म्हणजे बायकामुलांसह वीस लाखांच्या घरातला समुदाय, चाळीस वर्षे अरण्यात राहिल्याची कोणतीही खूण सिनाईत मिळालेली नाही, आणि तो वृत्तांत खुद्द मोशेने लिहिला असे मानले तरी ही अडचण सुटत नाही. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासण्यावाचून मार्ग नाही.

पैलतीर

हा भेद मला मान्य आहे, आणि त्याच कसोटीवर अनुवाद या ग्रंथाची रचना पाहावी. पूर्वेतिहासाची उजळणी, मग अटी, मग आशीर्वाद आणि शाप, हा क्रम इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतील हित्ती (प्राचीन तुर्कस्तानातील) राजांच्या करारांशी जुळतो. इ.स.पू. सातव्या शतकातील अश्शूरी (उत्तर इराकमधील साम्राज्याच्या) करारांत पूर्वेतिहासही नाही आणि आशीर्वादही नाहीत. जेरुसलेमात बसून कोणी हा ग्रंथ यहूदा या राज्याचा राजा योशीया याच्या काळात, म्हणजे त्याच सातव्या शतकात, रचला असेल, तर सहाशे वर्षांपूर्वीचा साचा त्याच्या हाती कोठून आला?

जुनीपोथी

हा आपला सर्वांत बळकट मुद्दा आहे. मात्र अनुवादाच्या २८व्या अध्यायातील शाप, म्हणजे डोक्यावरचे आकाश पितळेचे आणि पायांखालची भूमी लोखंडाची होणे, अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या इ.स.पू. ६७२च्या करारातील शापांशी विलक्षण मिळताजुळता आहे. या कराराची एक प्रत २००९ साली तुर्कस्तानातील तेल तायिनात येथील मंदिरात सापडली, म्हणजे पश्चिमेकडील प्रांतांतही तो पोहोचलेला होता, आणि यहूदा त्या वेळी अश्शूरचे मांडलिक राज्य होते. जुना साचा वंशपरंपरेने टिकून राहू शकतो, परंतु इ.स.पू. ६७२च्या मजकुराशी इतके साम्य इ.स.पू. तेराव्या शतकातील लेखकाकडे कसे आले, याचे उत्तर आपल्याकडून अपेक्षित आहे.