प्राचीन हिब्रू इतिहासावरील मुलांची पुस्तके सुचवा, शुक्रवारपर्यंत ठरवायचे आहे

रेवस_बंदर
माझा भाऊ शुक्रवारी रात्री लंडनहून निघणार आहे आणि त्याच्या बॅगेत जेमतेम दोन किलोची जागा उरली आहे. प्राचीन हिब्रू लोकांचा आणि ज्यूंचा इतिहास सांगणारी मुलांची पुस्तके कशी निवडावीत, हे कृपया लवकर सांगावे. गोष्टी नकोत, इतिहास हवा आहे. गेल्या वेळी केवळ मुखपृष्ठ पाहून मागवलेली दोन्ही पुस्तके फुकट गेली.

पाटीपेन्सिल
मूल किती वर्षांचे आहे, ते इंग्रजी स्वतः वाचते की वाचून दाखवावे लागते आणि आधीची पुस्तके फुकट का गेली, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. अशाने कोण काय सुचवणार?

दुपारचा_चहा
लंडनची गरजच काय? बायबलच्या जुन्या करारातील गोष्टींची चित्रमय पुस्तके मराठीत अगदी स्वस्तात मिळतात. अब्राहामापासून दानिएलापर्यंत सगळे त्यांत येते आणि आमच्या मुलांना ती फार आवडली.

रेवस_बंदर
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू आहोत. सदस्यनामावरून ते लक्षात येईल असे मला उगाचच वाटले होते. मुलगी बारा वर्षांची असून इंग्रजी वाचते, मुलगा सात वर्षांचा आहे. गोष्टी त्यांची आजी माझ्यापेक्षा चांगल्या सांगते. आधीच्या एका पुस्तकात जुन्या करारातील शेवटच्या मलाखी संदेष्ट्यानंतरचे पान उलटले की थेट येशूच्या जन्माचा बेथलेहेमचा गोठा येत होता. मधली चारशे वर्षे गायब, म्हणजे ग्रीक राजवटीविरुद्ध उठाव करणारे मक्काबी नाहीत, आणि मक्काबी नाहीत तर हनुक्काचे दिवे आपण का लावतो हे मुलांना कळणार कसे? दुसरे पुस्तक ठीक होते, पण त्यात एकही सन नव्हता. ते वाचून मुलाने विचारले, “दाविद राजा शिवाजी महाराजांच्या आधीचा की नंतरचा?”

जुनी_नाणी
आता प्रश्न नीट कळला. आपल्या भावाला दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी तपासायला सांगा. पहिली म्हणजे शेवट. तनाख या ज्यूंच्या धर्मग्रंथात पुस्तकांचा क्रम वेगळा आहे. तो ख्रिस्ती जुन्या करारासारखा मलाखीवर न संपता, इराणचा राजा सायरस याने बाबिलोनमधील ज्यू बंदिवानांना यरुशलेमला परतण्याची मुभा दिली, तिथे संपतो. इतिहासाचे पुस्तक अर्थातच त्यापुढे मक्काबींच्या उठावापर्यंत आणि इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर पाडले तिथपर्यंत गेले पाहिजे. दुसरी म्हणजे दाविदाचे चित्र. त्याच्या ढालीवर सहा कोनांचा तारा असेल तर पुस्तक खाली ठेवावे, कारण ते चिन्ह ज्यूंची ओळख बनले ते कितीतरी शतकांनंतर. तिसरी म्हणजे अक्षरे. आजची चौकोनी हिब्रू अक्षरे बाबिलोनच्या बंदिवासानंतर अरामी लिपीतून रूढ झाली. त्याआधीची लिपी दिसायला अगदी निराळी होती. दाविदाचा मुलगा शलमोन याच्या दरबारात चौकोनी अक्षरे रंगवणाऱ्या चित्रकाराने अभ्यास केलेला नसतो.

पाटीपेन्सिल
तारे आणि अक्षरे पाहून पुस्तक ठरवणे मला पटत नाही. मी आधी पाहते ते मिसर म्हणजे इजिप्तमधून इस्राएली लोकांच्या सुटकेचे प्रकरण. तिथे लेखक “परंपरा असे सांगते” म्हणतो की लाखो माणसे वाळवंटातून चालत गेल्याचे छातीठोकपणे सांगतो, यावरून तो गोष्ट सांगतो आहे की इतिहास हे कळते. इस्राएल हे नाव बायबलबाहेर प्रथम भेटते ते मर्नेप्ताह या फारोच्या इ.स.पू. सुमारे १२०८ च्या शिलालेखात, आणि तिथे ते कनानमधील (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइन भागातील) एका पराभूत जमातीचे नाव म्हणून येते.

दुपारचा_चहा
म्हणजे सात वर्षांच्या मुलाला वल्हांडणाच्या, म्हणजे त्याच सुटकेच्या सणाच्या रात्री “याला पुरावा नाही” असे सांगायचे का?

जुनी_नाणी
मुळीच नाही. आजीची गोष्ट आजीकडे राहू द्यावी आणि पुस्तकाने हातात धरता येईल अशा वस्तूंपासून सुरुवात करावी. मुलांना सर्वांत आवडतो तो हिज्कीया राजाचा बोगदा. अश्शूरी सैन्य चालून येणार म्हणून यरुशलेममध्ये पाणी आत आणण्यासाठी सुमारे ५३३ मीटर खडक दोन्ही टोकांकडून खोदला गेला आणि शेवटचे काही हात उरले असताना एका बाजूच्या माणसांना पलीकडच्यांच्या हाका ऐकू आल्या. हे १८८० मध्ये बोगद्याच्या भिंतीवर सापडलेल्या लेखातच लिहिलेले आहे. शिवाय इ.स.पू. ७०१ च्या त्याच स्वारीबद्दल अश्शूरी राजा सन्हेरीब स्वतः लिहितो की, मी हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला. एकाच लढाईच्या दोन बाजू शेजारी शेजारी मांडणारे पुस्तक आपल्या मुलीसाठी निःशंकपणे घ्यावे.

माथेरानची_गाडी
त्या बोगद्यातून आजही चालत जाता येते. पाणी गुडघ्यापर्यंत असते, त्यामुळे भिजले तरी चालतील अशी पायताणे आणि विजेरी अवश्य न्यावी.

रेवस_बंदर
आम्ही कुठेही चाललेलो नाही. भाऊ येतो आहे.

पाटीपेन्सिल
मुलाच्या प्रश्नासाठी पुस्तक विकत घेऊ नये. कागदाची पट्टी भिंतीवर लावावी आणि एक सेंटिमीटरला दहा वर्षे धरावीत. मर्नेप्ताहच्या शिलालेखापासून दुसऱ्या मंदिराच्या पाडावापर्यंत साधारण १२८ सेंटिमीटर होतात आणि तिथून १६७४ चा राज्याभिषेक आणखी १६० सेंटिमीटरवर येतो. इ.स.पू. मधले सन उलटे का मोजतात, हेही बोट ठेवून दाखवता येते.

रेवस_बंदर
पट्टी आजच लावली, आणि दाविद राजा इतका डावीकडे गेला की तो कपाटामागे लपला आहे. मुलाने पट्टीवर आमचे पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले ते नवगाव कुठे लावायचे असे विचारले. पूर्वज कोकण किनाऱ्यावर नक्की केव्हा लागले यावर घरातच तीन मते असल्यामुळे ती चिठ्ठी अजून आजीच्या हातात आहे. भावाला शेवटचे पान, दाविदाची ढाल आणि बोगदा, एवढे कळवले आहे. त्याचे उत्तर आले की दुकान साडेपाचला बंद होते आणि पुठ्ठा बांधणीची दोन पुस्तके दोन किलोंत बसणार नाहीत. तेव्हा मुलीचे एकच पुस्तक येईल.